बर्टनची सतराशे पुस्तके

इ.स. 1621 मध्ये ऑक्सफर्डचा पुस्तकविक्रेता हेन्री क्रिप्स याने आठशेहून अधिक पानांचा एक ग्रंथ विक्रीला आणला. नाव ‘द ॲनाटमी ऑफ मेलँकली’. माणसाला ग्रासणाऱ्या विषादाची चिरफाड करायची, त्याची कारणे, लक्षणे आणि उपाय एकेक करून मांडायचे, असा त्याचा बेत. लेखक म्हणून ‘डेमॉक्रिटस ज्युनिअर’ हे टोपणनाव छापलेले. पण अगदी शेवटी, वाचकाचा निरोप घेताना, खरे नाव आणि ठिकाण आले होते: रॉबर्ट बर्टन, क्राइस्ट चर्च, 5 डिसेंबर 1620. पुढच्या आवृत्त्यांत हा निरोप गळाला. तोवर लेखक कोण, हे लपवण्यासारखे राहिले नव्हते.

बर्टन वैद्य नव्हता. तो इंग्लंडच्या चर्चचा दीक्षा घेतलेला धर्मगुरू होता आणि कॉलेजातल्या एका खोलीत राहून वाचत असे. त्याचा ग्रंथ मात्र असा खपला की या एका पुस्तकावर प्रकाशकाने इस्टेट केली, असे ऑक्सफर्डचा इतिहासकार अँथनी वुड लिहून गेला आहे.

बर्टनविषयी लिहिणारे बहुतेक जण या ग्रंथापाशीच थांबतात. मला त्याच्या मागे उभी असलेली पुस्तके जास्त ओढतात. बर्टन वारला तेव्हा त्याच्या मालकीची सतराशेहून अधिक पुस्तके होती. त्यांत जाडे लॅटिन ग्रंथ होते आणि दोन-चार पेनींना मिळणारी चोपडीही होती. विद्वानांनी हात लावू नये अशी समजली जाणारी ही चोपडी त्याने विकत घेतली, वाचली, जपली आणि मृत्युपत्रातून दोन मोठ्या ग्रंथालयांच्या हवाली केली. वाचनात त्याने कधी सोवळे-ओवळे पाळले नाही. माझ्या मते त्याचा ग्रंथही त्यामुळेच जिवंत राहिला.

बर्टनचा जन्म 8 फेब्रुवारी 1577 चा, लेस्टरशायरमधल्या लिंडली इथला. घराणे जमीनदाराचे, भावंडे नऊ. थोरला भाऊ विल्यम पुढे नामांकित इतिहाससंशोधक झाला. लेस्टरशायरचे त्याने केलेले वर्णन 1622 मध्ये छापले गेले. आई डोरोथी हिच्या हाताला गुण होता. डोळे आले, सांधे धरले, ताप हटेना, की आसपासची गोरगरीब माणसे तिच्याकडे येत आणि ती त्यांना औषधपाणी करी. हिवतापावर तिचा एक उपाय असा होता: अक्रोडाच्या टरफलात कोळी घालायचा, ते रेशमात गुंडाळायचे आणि रोग्याच्या अंगावर बांधायचे. सुटीत घरी आला असता हा प्रकार पाहून मुलाला तो निव्वळ खुळचटपणा वाटला. विद्यापीठात शिकून आलेला मुलगा आईच्या कोळ्यावर विश्वास ठेवील कसा? पुढे ग्रंथ चाळता चाळता हाच उपाय त्याला प्राचीन ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसमध्ये सापडला. मातिओली या इटालियन वैद्याचा त्याला दुजोरा होता आणि निसर्ग-अभ्यासक आल्द्रोव्हांदीनेही तो नोंदवला होता. बर्टनने ही हकीकत आपल्या ग्रंथात घातली, आईचे नाव घेऊन घातली, आणि अशा उपायांकडे आपण आता वेगळ्या नजरेने पाहतो असे मोकळेपणाने लिहिले. कोळ्याने ताप जात नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण घरातल्या बाईचे औषध आणि डायोस्कोरिडीसची पोथी एकाच परिच्छेदात शेजारी बसवणारा विद्वान त्या काळात विरळा होता. उरलेल्या आयुष्यात बर्टनने जे केले ते बरेचसे याच जातीचे आहे.

1593 मध्ये तो ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात दाखल झाला आणि 1599 मध्ये क्राइस्ट चर्चमध्ये ‘स्टुडंट’ म्हणून निवडला गेला. इथे या शब्दाचा अर्थ विद्यार्थी नव्हे; इतर कॉलेजांत ज्याला फेलो म्हणतात तो. राहायला खोली, जेवायला पंगत, थोडी मिळकत, आणि अट एकच मोठी: लग्न करायचे नाही. लग्न केले की जागा गेली. बी.ए. व्हायला त्याला 1602 उजाडले, म्हणजे वयाची पंचविशी. एम.ए. 1605 मध्ये, धर्मशास्त्राची पदवी 1614 मध्ये. क्राइस्ट चर्चमध्ये तो आला तो मरेपर्यंत तिथेच राहिला, चाळीस वर्षांहून अधिक. इंग्लंडबाहेर तो कधी गेला नाही. आपण नकाशावर बोट फिरवूनच जग पाहिले, असे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे.

1605 च्या ऑगस्टमध्ये राजा पहिला जेम्स ऑक्सफर्डला आला. विद्यापीठाने त्याच्यापुढे लॅटिन नाटके केली. त्यातल्या ‘आल्बा’ या नाटकात बर्टनच्याही हातचे काही प्रवेश होते. नाटक पडले. अंगावर जेमतेम कपडे असलेले पुरुष पाहून राणी आणि तिच्या सख्या नाराज झाल्या आणि राजा अर्ध्यावरच उठायला निघाला. याच भेटीत जेम्सने बॉडली ग्रंथालय पाहिले. तेव्हाच्या ग्रंथालयांत मोठे ग्रंथ साखळीने फळीला जखडलेले असत. ते पाहून राजा म्हणाला की, मी राजा नसतो तर विद्यापीठातला माणूस झालो असतो, आणि कैदच नशिबी असेल तर या ग्रंथांसोबत मला साखळदंडाने बांधावे. नाटकाच्या फजितीचा उल्लेख बर्टन ग्रंथात करत नाही. राजाचे हे उद्गार मात्र पंधरा-सोळा वर्षांनी तो प्रेमाने सांगतो. वाचनाने मनाला मिळणाऱ्या विसाव्याचे वर्णन चालू असताना ते येतात.

काही वर्षे त्याच्याकडे ऑक्सफर्डच्या बाजाराच्या कारकुनाचे काम होते. वजनमापे तपासायची, मालाच्या दर्जावर लक्ष ठेवायचे. ग्रंथांत रमणारा माणूस भाकरीच्या वजनाचीही नोंद ठेवत होता, आणि त्याच्या इंग्रजीत बाजाराची बोली जी वारंवार डोकावते तिचा उगम मला थोडा इथेही दिसतो. 1616 मध्ये गावाच्या पश्चिम टोकाला असलेल्या सेंट थॉमस चर्चचा तो व्हिकर झाला. वस्ती गरिबांची, उत्पन्न बेताचे. ते पद त्याने शेवटपर्यंत सांभाळले. त्या चर्चच्या दक्षिणेकडचा दगडी द्वारमंडप त्याच्याच कारकिर्दीत, 1621 मध्ये, म्हणजे ग्रंथ निघाला त्याच वर्षी उभा राहिला. क्राइस्ट चर्चच्या ग्रंथालयाचे काम पुढे त्याच्याकडे आले तेही त्याने मरेपर्यंत केले.

पैशाच्या बाबतीत सगळी मदार आश्रयदात्यांवर होती. एक्झिटरच्या काउंटेसने 1624 मध्ये लिंकनशायरमधल्या वॉल्सबीची पाद्रीकी त्याला दिली; 1631 मध्ये ती सोडावी लागली. पुढे लॉर्ड बर्कलीच्या कृपेने लेस्टरशायरमधले सीग्रेव्ह मिळाले. या बर्कलीलाच ‘ॲनाटमी’ अर्पण केलेली आहे. एवढी मदत मिळूनही बर्टन आश्रयदात्यांविषयी गोड बोलला नाही. विद्वानांच्या दुरवस्थेवर त्याच्या ग्रंथात एक लांबलचक प्रकरण आहे, आणि ते वाचताना आजही अंगावर येते. वीस वर्षे डोळे फोडून शिकायचे आणि अखेर एखाद्या जमीनदाराच्या घरी मुलांना शिकवायला राहायचे. चर्चमधली जागा हवी तर आश्रयदात्याचा हात ओला करायचा. आणि जो असा हात ओला करू शकतो त्या अडाण्याने विद्वानाच्या डोक्यावर बसायचे. हे सगळे तो नाव न घेता पण कोणाचीही भीड न ठेवता लिहितो, आणि मजकूर जास्तच झोंबरा झाला की इंग्रजी सोडून लॅटिनमध्ये शिरतो.

खरे तर सगळा ग्रंथच लॅटिनमध्ये लिहायचा त्याचा विचार होता. छापणारे तयार होईनात. इंग्रजीत कसलेही फुटकळ चोपडे ते छापतील, लॅटिनला हात लावणार नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. त्या छापखानेवाल्यांचे इंग्रजी गद्यावर मोठे उपकार आहेत.

ग्रंथाचा पाया जुन्या युरोपीय वैद्यकाचा. शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस. काळे पित्त बळावले की मेलँकली. वात-पित्त-कफाच्या भाषेत वाढलेल्या आपल्या वाचकाला ही मांडणी परकी वाटणार नाही. टोपणनावामागे एक जुनी कथा आहे. ॲब्डेरा गावचा तत्त्वज्ञ डेमॉक्रिटस सदा हसत असे. त्याला वेड लागले असे समजून गावकऱ्यांनी वैद्य हिप्पोक्रेटिसला बोलावले. हिप्पोक्रेटिस गेला तर डेमॉक्रिटस झाडाखाली बसून प्राण्यांची शरीरे उघडून पाहत होता: काळ्या पित्ताचे ठिकाण कुठे, तेच तो शोधत होता. थोडा वेळ बोलल्यावर वैद्याची खात्री पटली की शहाणा काय तो हा एकटाच, वेडे आहे ते गाव. डेमॉक्रिटसचे ते काम अपुरे राहिले, ते मी पुढे नेतो, असा बर्टनचा दावा.

पहिल्या भागात कारणे आणि लक्षणे, दुसऱ्यात उपाय, तिसऱ्यात प्रेमाने आणि धर्माने जडणारा विषाद. प्रत्येक भागाच्या आरंभी फाटे-उपफाटे दाखवणारा तक्ता. तक्ता पाहून वाटावे की पुढे सारे शिस्तीत असेल. आत शिरले की शिस्त सुटते. विषादाच्या कारणांत देव येतो, सैतान येतो, ग्रहतारे, म्हातारपण, आईबाप, गोमांस, सशाचे मांस, कोबी, रिकामपण, एकांत, गरिबी आणि अतिवाचन येते. हवेचा आरोग्याशी संबंध सांगता सांगता लेखक बहिरी ससाण्यासारखा वर उडतो आणि सगळी पृथ्वी फिरून येतो. वाटेत कोपर्निकस, टायको, केप्लर, गॅलिलिओ भेटतात आणि पृथ्वी फिरते की सूर्य, यावर पानेच्या पाने जातात. प्रस्तावनेतच त्याने स्वतःचे एक काल्पनिक राज्य वसवले आहे, कालवे, धान्यकोठारे आणि इस्पितळे असलेले. अविवाहित राहण्याच्या अटीत जन्म घालवलेल्या या माणसाने सर्वांत ऐसपैस लिहिले आहे ते प्रेमावर.

जवळजवळ प्रत्येक वाक्याला कोणाच्या तरी वचनाचा टेकू असतो. विषय सगळा दुसऱ्यांचा, जुळणी तेवढी माझी, असे तो सांगतो. पण गेलन आणि सेनेका यांच्या पंक्तीला तो ज्यांना बसवतो ते पाहण्यासारखे आहे. नाटकातले संवाद, प्रवाशांच्या कहाण्या, खुनांच्या बातम्यांची पत्रके, हॉलंडहून नुकती येऊ लागलेली बातमीपत्रे. रोज काय काय कानावर येते याची प्रस्तावनेत त्याने एक लांब यादी दिली आहे: लढाया, साथी, आगी, पूर, खून, नवी पुस्तके, नवे वाद, लग्ने, नाटके, दरोडे, मयते. खोलीत बसलेल्या माणसापर्यंत हे सगळे पोचत होते ते स्वस्त छापील कागदातून. हा कागद त्याला तुच्छ वाटला असता तर ‘ॲनाटमी’ हा आणखी एक विद्वज्जड कोश झाला असता आणि विसरलाही गेला असता.

या वाचनात गोवाही आहे. दुःख विसरायला लावणाऱ्या औषधींचा विषय निघाला की बर्टन ‘गार्सियास अब होर्तो’ या लेखकाचा हवाला देतो. हा म्हणजे गार्सिया दा ओर्ता, पोर्तुगीज वैद्य, 1534 मध्ये गोव्यात आलेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचे औषधपाणी त्याने केले. मुंबईचे बेट त्याने पोर्तुगीज सरकारकडून खंडाने घेतले होते. हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधांवरचे त्याचे संवादरूप पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापले गेले. मूळ पुस्तक पोर्तुगीजमध्ये. क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1567 मध्ये अँटवर्पहून त्याचा लॅटिन सारांश काढला आणि ओर्ता युरोपभर पोचला. त्याच्या आधाराने बर्टन लिहितो की धोतरा पोटात गेला तर चोवीस तास दुःखाची जाणीव राहत नाही आणि माणूस हसत सुटतो. तसेच ‘बँग’ नावाची वनस्पती अफूसारखा गुण देते. बँग म्हणजे आपली भांग. कोकणच्या कुंपणावरचा धोतरा ऑक्सफर्डच्या खोलीत विषादाचा उतारा म्हणून असा हजर झाला. ओर्ता ज्यू कुळातला होता. 1568 मध्ये तो वारल्यावर वर्षभरात इन्क्विझिशनने त्याची बहीण काटारिना हिला गोव्यात जिवंत जाळले, आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. अँटवर्पचा सारांश या सगळ्याच्या आधी छापलेला.

1624, 1628, 1632, 1638: ‘ॲनाटमी’च्या आवृत्त्या निघत गेल्या आणि प्रत्येक वेळी बर्टनने भर घातली. साडेतीन लाख शब्दांचा ग्रंथ पाच लाखांच्या पुढे गेला. नवे पुस्तक हाती आले की त्यातले काहीतरी पुढच्या आवृत्तीत शिरणार हे ठरलेलेच. खोडले फार थोडे. 1628 पासून आरंभी ल ब्लॉन याने कोरलेले चित्र आले, दहा चौकटींचे: झाडाखालचा डेमॉक्रिटस, मत्सर, एकांत, हात बांधून उभा प्रेमिक, औषधांच्या बाटल्यांत बसलेला रोगी, जपमाळ घेतलेला अंधश्रद्ध, साखळदंडातला वेडा, काळे पित्त काढणाऱ्या दोन वनस्पती, आणि खाली स्वतः लेखक.

विषादावर लिहायचे ते विषाद टाळण्यासाठीच, हातांना काम हवे म्हणून, असे त्याने कबूल केले आहे. हे मला फार खरे वाटते. वीस वर्षे एकच पुस्तक वाढवत बसण्यामागे कीर्तीची हाव नव्हती, उद्योग सुटू नये ही निकड होती. धर्मामुळे येणाऱ्या विषादावर स्वतंत्रपणे लिहिणारा आपण पहिलाच, असे तो म्हणतो, आणि इथे पाद्री म्हणून त्याचा अनुभव बोलतो. आपला उद्धार देवाने आधीच नाकारला आहे, या भीतीने खचलेली माणसे त्या काळच्या इंग्लंडमध्ये पुष्कळ होती. ग्रंथाची शेवटची पाने त्यांच्यासाठी आहेत. तिथे अवतरणांची गर्दी असूनही आवाज मऊ होतो आणि शेवटी साधा सल्ला उरतो: एकटे पडू नका, रिकामे बसू नका. आत्महत्या करणाऱ्यांविषयीही त्याने असेच लिहिले. तेव्हाचा कायदा आणि चर्च त्यांना माफ करत नसे. बर्टन म्हणतो की शेवटच्या क्षणी त्या जिवाचे काय झाले हे देवालाच ठाऊक, आपण निवाडा करू नये.

25 जानेवारी 1640 ला तो आपल्या खोलीत वारला. त्याला ज्योतिषाचा नाद होता. स्वतःच्या पत्रिकेवरून मृत्यूचे वर्ष त्याने आधीच काढून ठेवले होते आणि ते खोटे ठरू नये म्हणून त्याने गळफास लावून घेतला, अशी कुजबुज विद्यार्थ्यांत सुरू झाली. वुडने ती नोंदवली. मला ती पटत नाही. आत्महत्येचा नुसता संशय असता तरी दोन दिवसांत क्राइस्ट चर्चच्या कॅथीड्रलमध्ये मानाने दफन होणे अवघड होते. थोडक्यांना माहीत आणि त्याहून थोडक्यांना अपरिचित, ज्याला जीवन दिले आणि मरणही दिले ते मेलँकलीनेच, अशा आशयाचा लॅटिन लेख त्याच्या अर्धपुतळ्याखाली आहे, आणि शेजारी त्याची जन्मकुंडली कोरलेली आहे. भाऊ विल्यमने हे स्मारक उभारले. बर्टनविषयीची आणखी एक गोष्ट पुष्कळ वर्षांनी छापली गेली: मन फार खचले की तो नदीवरच्या पुलाशी जाई आणि नावाड्यांच्या शिव्या ऐकून कमरेवर हात ठेवून खदखदा हसे. गोष्ट गोड आहे. पण डेमॉक्रिटसही बंदरावर जाऊन असाच हसे, हे खुद्द बर्टननेच प्रस्तावनेत सांगितले असल्यामुळे, गुरूची गोष्ट कोणीतरी शिष्याला चिकटवली असावी असे मला वाटते.

त्याचे मृत्युपत्र 15 ऑगस्ट 1639 चे आहे. त्यात जमिनीची वाटणी आहे, नातलगांना पैसे आहेत, पण जीव गुंतला आहे तो पुस्तकांत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला शंभर पौंड, क्राइस्ट चर्चच्या ग्रंथालयाला शंभर पौंड: त्यातून जमीन घ्यावी आणि वर्षाला येणाऱ्या पाच पौंडांची पुस्तके घ्यावीत. मग एकेक पुस्तक एकेका हाती. मिसेस आइल्सना जेरार्डचे ‘हर्बल’, वनस्पतींचा मोठा सचित्र ग्रंथ. डीन सॅम्युएल फेल यांच्या पत्नीला शेतीवरची इंग्रजी पुस्तके, एक वगळून. ते वगळलेले दुसऱ्या एका बाईंना. शहराच्या न्यायाधिकाऱ्याला वैद्यकावरची इंग्रजी पुस्तके. डीनचा चौदा वर्षांचा मुलगा जॉन याला गणिताची उपकरणे. हाच मुलगा पुढे ऑक्सफर्डचा बिशप झाला. कोणाला काय आवडते, कोणाला कशाचा उपयोग होईल, याचा विचार केल्याशिवाय अशी वाटणी होत नाही. एकान्तात राहिलेला म्हणवणारा हा माणूस शेजारपाजारच्या बायकांची बागेची आवड ओळखून होता! ‘ॲनाटमी’च्या हक्कांचा अर्धा वाटाही त्याने मृत्युपत्रात घातला, कारण उरलेला अर्धा क्रिप्सचा होता.

बाकी सगळ्या पुस्तकांबद्दल दोन ओळींत निकाल. विद्यापीठाच्या ग्रंथालयात जे नाही ते आधी त्यांनी घ्यावे. मग क्राइस्ट चर्चमध्ये जे नाही ते त्यांनी घ्यावे.

या साध्या अटीने काय झाले ते समजायला थोडे मागे जावे लागते. बॉडली ग्रंथालय, म्हणजेच विद्यापीठाचे ग्रंथालय, 1602 मध्ये उघडले. 1610 च्या करारामुळे लंडनमध्ये छापल्या जाणाऱ्या पुस्तकांच्या प्रती तिथे येऊ लागल्या, तेव्हा सर टॉमस बॉडली यांना धास्ती वाटली. 1612 मध्ये त्यांनी ग्रंथपाल टॉमस जेम्स यांना बजावले की नाटके, पंचांगे आणि असला फालतू माल घेऊ नये. चाळीस नाटकांत एखादे ठेवण्यालायक निघेल. बाकीच्यांनी ग्रंथालयाची अब्रू जाईल. बॉडली थोर माणूस होता, पण इथे त्याची नजर चुकली. शेक्सपिअरचे हयातीतले स्वस्त क्वार्टो याच मालात मोडत होते. ग्रंथालयाचा हा स्वभाव बॉडलीनंतरही टिकला: शेक्सपिअरच्या नाटकांची 1623 ची ‘फर्स्ट फोलिओ’ ग्रंथालयात आली होती, पण नवी आवृत्ती निघाल्यावर जुनी प्रत जादा म्हणून काढून टाकली गेली आणि 1906 मध्ये वर्गणी जमवून तीन हजार पौंडांना परत घ्यावी लागली.

बॉडलीने जे आत येऊ दिले नव्हते नेमके तेच बर्टनच्या फळ्यांवर होते. ग्रंथपाल जॉन राउझ यांनी मृत्युपत्राची अट शब्दशः पाळून नसलेली पुस्तके निवडली, आणि नाटके, विनोदाच्या चोपड्या, खुनांच्या हकीकती, बातमीपत्रे, प्रेमकाव्ये शेकड्यांनी आत गेली. शेक्सपिअरच्या ‘व्हीनस अँड ॲडॉनिस’ची बर्टनची प्रत त्यातच होती. असली पुस्तके लोक वाचून फाडत, शिंप्याला देत, चूल पेटवत. कितीतरींच्या जगात आज जेमतेम एक-दोन प्रती आहेत, आणि त्यातली एक बर्टनची. इंग्लंडमध्ये यादवी सुरू व्हायला तेव्हा दोनच वर्षे उरली होती. पुस्तके वेळेवर भिंतीआड गेली.

1676 नंतर ‘ॲनाटमी’ 1800 पर्यंत छापली गेली नाही. मधल्या काळात डॉ. सॅम्युएल जॉन्सनला त्याच्या नेहमीच्या वेळेच्या दोन तास आधी अंथरुणातून उठवणारे हे एकमेव पुस्तक होते; लॉरेन्स स्टर्नने ‘ट्रिस्ट्रम शँडी’त त्यातून भरपूर उचलले आणि जॉन फेरिअरने 1790 च्या दशकात ती चोरी पकडली. पुढे चार्ल्स लॅम हरखला आणि कीट्सला ‘लेमिया’ची कथा बर्टनमध्येच मिळाली.

पुस्तके मात्र दोन्ही ग्रंथालयांत इतरांत मिसळून पांगली होती. 1905 मध्ये सर विल्यम ऑस्लर हे नामांकित वैद्य ऑक्सफर्डला प्राध्यापक म्हणून आले. वैद्य नसलेल्याने लिहिलेला सर्वांत मोठा वैद्यकग्रंथ म्हणून ते ‘ॲनाटमी’ला मान देत. पहिल्या पानावरची सही आणि ‘आर. बी.’ ही अक्षरे धुंडाळत त्यांनी ही पुस्तके शोधवून घेतली. क्राइस्ट चर्चमधली सव्वाचारशेहून अधिक पुस्तके त्यांनी एकत्र मांडली आणि मध्ये बर्टनच्या चित्राची प्रत लावली. मूळ चित्र 1635 चे, ब्रेझनोज कॉलेजातले. वैद्यकाची पुस्तके त्यांच्या अपेक्षेपेक्षा फार थोडी निघाली, धर्मशास्त्राची सर्वांत जास्त. 1988 मध्ये निकोलस किसलिंग यांनी पुरी सूची छापली: 1738 नोंदी. बहुतेक लॅटिन, उरलेली इंग्रजी, इतर भाषांतली तुरळक. कोणत्या पुस्तकातला कोणता मजकूर ‘ॲनाटमी’च्या कोणत्या आवृत्तीत उतरला, हे आता त्या सूचीवरून नोंदीनोंदीने ताडून पाहता येते, आणि बॉडली ग्रंथालयात आपले नाव नोंदवून अभ्यासकाला बर्टनने हाताळलेली प्रत मागवून तीच पाने उलटता येतात.